निंबोळी फुकट नाही, म्हणून मोजून वापरा
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



घरच्या घरी करायच्या फवारणीच्या औषधांवर मला आज बोलायला सांगितले आहे. या विषयावर दोन प्रकारची भाषणे तुम्ही आजवर ऐकली असतील. एक भाषण करणारा म्हणतो, पाला कुटा, गोमूत्रात भिजवा, फवारा. सगळी कीड पळते आणि खर्च शून्य. दुसरे भाषण कृषी केंद्राच्या गल्ल्यावर होते. तिथला माणूस म्हणतो, झाडपाल्याचे सोडा, ही बाटली न्या, पैसे दिवाळीला द्या. पहिल्याला तुमच्या घरच्या बाईची मजुरी दिसत नाही. दुसऱ्याला तुमची छाती दिसत नाही. आणि पऱ्हाटी दोघांचीही नाही, ती तुमची आहे.

मी शेतीची पदवी घेतली आहे, त्यामुळे औषधाची मात्रा मला पाठ आहे. पण गावात बसले की मात्रा कोणी विचारत नाही. लोक विचारतात, "साहेब, निंबोळ्या वेचाले कोण जाईन? त्या कुटाच्या कशात? अन् फवारूनही कीड नाही गेली तं नुकसान कोण भरून देईन?" या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली, तरच घरच्या औषधाबद्दल बोलण्यात अर्थ आहे.

विषय जिवावरचा आहे

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या काळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. पऱ्हाटी त्या वर्षी अंगापेक्षा उंच गेली होती. उडालेले औषध तोंडावर येत होते. दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जात होती आणि अंगावर रोजचाच सदरा होता. यवतमाळ आपल्यापासून लांब नाही. तीच काळी जमीन, तीच कोरडवाहू पऱ्हाटी, दुकानातल्या बाटल्याही त्याच.

बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. त्यानंतर हिरव्या बोंडअळीवरची फवारणी कमी झाली, हे खरे आहे. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा काहीच परिणाम होत नाही. पुढे गुलाबी बोंडअळीही बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ च्याच हंगामात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. खाली ठेवलेला पंप पुन्हा पाठीवर आला.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. निंबोळी अर्काने कपाशीवरचे सगळे विष बंद होणार नाही. पण पहिल्या साठ दिवसांतले विष बऱ्याच शेतांत टाळता येते. आणि त्याला लागणारी मजुरी आधी हिशेबात धरली, तरच हे काम दरवर्षी टिकते.

सुरुवात सांदवाडीतून करा

घरामागच्या सांदवाडीत चार वांगी, दोन ओळी भेंडी, एखादे कढीपत्त्याचे झाड असते. त्या वांग्यावर शेतातले औषध मारायला घरातली बाई कधी तयार होत नाही, कारण ते वांगे संध्याकाळी लेकराच्या ताटात येणार असते. म्हणजे बाटलीत काय आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे.

तेव्हा शिकायचे ते याच जागी शिका. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा चुरा आणि २ ग्रॅम साबणाचा चुरा, एवढेच माप आहे. किराणा दुकानात ५० ग्रॅम एकदा तोलून घ्या आणि वाटीवर खूण करून ठेवा. काच पुसायची फवारणीची बाटली मिळते, ती चालते. भेंडीचे पान उलटे करून पाहा. खाली फिकट हिरवी, तिरपी चालणारी बारीक पिल्ले दिसतील, ती तुडतुड्याची. फवारण्याआधी मोजा, चौथ्या दिवशी मोजा, आठव्या दिवशी मोजा. एक झाड न फवारता ठेवा आणि त्याच्याशी ताडून पाहा. मला कोण काय सांगतो यापेक्षा ही मोजणी तुम्हाला जास्त शिकवील. एकरभर पऱ्हाटीवर पहिल्यांदा करून पाहण्यापेक्षा दोन ओळी भेंडीवर करून पाहणे स्वस्त पडते.

कडुनिंब किडीला काय करतो

निंबोळीच्या बीत ॲझाडिरेक्टिन नावाचे द्रव्य असते. ते विषासारखे तडकाफडकी मारत नाही. त्याची तीन कामे आहेत. पानाला कडूपणा येतो आणि कीड खाणे सोडते. मादी त्या पानावर अंडी घालायला कचरते. आणि लहान अळी किंवा पिल्लू कात टाकताना अडकते, त्याची पुढची वाढ होत नाही.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवून दिले होते की निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळसुद्धा तोंड लावत नाहीत. पुढे या झाडावर मालकी सांगायला लोक पुढे आले. १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेचे कृषी खाते आणि ग्रेस कंपनी यांना पेटंट दिले होते. हे ज्ञान नवे नाही असे सिद्ध झाल्यावर २००० साली ते रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. ज्या झाडासाठी युरोपात दहा वर्षे भांडण चालले, त्याची बी आपल्या बांधावर दर पावसाळ्यात चिखलात कुजते.

कीड मरायला वेळ लागतो ही गोष्ट ध्यानात ठेवा. सकाळी फवारले आणि संध्याकाळी जाऊन "मेली का?" असे पाहिले, तर कीड जिवंतच दिसणार. तीन-चार दिवस थांबावे लागते. म्हणूनच कीड थोडी असताना, पिल्ले लहान असताना फवारायचे असते. शेत पिवळे पडल्यावर निंबोळीकडे धावून उपयोग नाही.

५ टक्के अर्काची कृती

निंबोळ्या मृग-आर्द्रात पिकून पडू लागतात. पिवळ्या झालेल्या वेचा. गर चोळून काढा, बी धुवा आणि सावलीत वाळवा. गर राहिला तर बुरशी येते. वाळलेली बी गोणपाटात किंवा टोपलीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. गेल्या वर्षीची, काळी पडलेली, बुरशी आलेली बी घेऊ नका. तिचा जोर गेलेला असतो.

१०० लिटर फवाऱ्यासाठी ५ किलो वाळलेली निंबोळी कुटा. पिठाच्या गिरणीवर नेऊ नका. गिरणीवाला घेणार नाही आणि घेतली तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या भाकरी कडू होतील. उखळ किंवा जुने जाते कामी आणा. हा चुरा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा भिजवा. दुसऱ्या दिवशी निंबोळीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, नाही तर नोझल तुंबते. चोथ्यावर थोडे पाणी घालून पुन्हा पिळा. मग साबणाचे पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. अर्क त्याच दिवशी संपवा, उरवून ठेवू नका.

आता तो बिघडतो कशाने ते सांगतो, कारण "आम्ही करून पाह्यलं, काही फरक नाही पडला" असे म्हणणाऱ्या बहुतेक शेतांत या चारपैकी एक गोष्ट निघते.

पहिली गोष्ट ऊन. उन्हात हे द्रव्य लवकर नासते. दुपारी फवारलेला अर्क वाया जातो. ऊन उतरल्यावर फवारा आणि पानाच्या खालच्या बाजूला लागेल असा फवारा, कीड तिथे असते.

दुसरी गोष्ट पाणी. खारट-तुरट पाण्यात हे द्रव्य टिकत नाही. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या शेतकऱ्यांनी हे कान देऊन ऐकावे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात अर्क करू नका. पावसाचे पाणी टाकीत धरून ठेवा आणि ते वापरा.

तिसरी गोष्ट पंप. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून कपाशीत आणला, तर पाने पंजासारखी चिरतात. कपाशीला त्याचा थेंबही सोसत नाही. मग लोक म्हणतात, निंबोळीने पऱ्हाटी जाळली. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

चौथी गोष्ट साबण. जास्त साबणाने जास्त कीड मरते असे समजू नका. जास्त साबणाने पाने करपतात.

कुठे चालत नाही

हे सांगितले नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखे होईल. जी कीड पानावर बाहेर असते, तिच्यावर अर्क चालतो. जी आत शिरली, तिच्यापर्यंत तो पोचत नाही.

सांदवाडीतल्या वांग्याचा शेंडा माना टाकतो, कारण अळी शेंड्याच्या आत असते. तो शेंडा खुडून जाळणे हाच उपाय आहे. गुलाबी बोंडअळी तशीच बोंडाच्या आत असते. तिच्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, तर धोक्याची पातळी गाठली असे समजा. डोमकळ्या तोडून अळीसकट नष्ट करा. आणि फरदड घेऊ नका. जानेवारीनंतर उभी राहिलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या वर्षीच्या बोंडअळीला दिलेली वसती आहे.

ज्वारीचेही तेच. खोडमाशीने पोंगा मेला की त्या झाडावर कोणताच अर्क उपयोगी नाही. पाऊस आल्यावर आठ-दहा दिवसांच्या आत पेरणी उरकणे हेच खोडमाशीवरचे औषध आहे. लष्करी अळीची गोष्ट थोडी वेगळी. ही परदेशी अळी २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि तिथून आपल्या मक्यात, ज्वारीत आली. ती नुकतीच अंड्यातून निघालेली, पानावर पांढरे चट्टे पाडणारी असताना पोंग्यात निंबोळी अर्क सोडला तर चालतो. ती मोठी होऊन पोंग्यात भुसा पाडू लागली की वेळ गेलेली असते.

दहा पाल्यांचे आणि तंबाखूचे

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी नीमास्त्र, अग्निअस्त्र, ब्रह्मास्त्र ही नावे गावोगाव नेली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. दशपर्णी अर्कही आपल्याकडे घराघरात होतो: कडुनिंब, निर्गुडी, सीताफळ, करंज, एरंड, पपई, रुई, कण्हेर, घाणेरी, गुळवेल यांचा पाला, मिरचीचा ठेचा, लसूण, शेण, गोमूत्र, आणि महिनाभर आंबवणे. ज्याला त्याचा अनुभव चांगला आहे त्याने करावा. माझे सांगणे एवढेच की त्यातला भरवशाचा भाग कडुनिंबाचा आहे. बाकीच्या पाल्याचे माप गावागणिक बदलते, म्हणून गुणही बदलतो.

आणि झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज काढून टाका. कण्हेर खाल्ली तर माणूस मरतो. तंबाखूचा काढा तर मी कोणालाच करू देणार नाही. तंबाखूतले निकोटिन कातडीतून अंगात शिरते. त्याने घेरी, उलटी, जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाते, आणि शेतातले मित्रकिडेही मरतात. मिरची-लसणाचा अर्क डोळ्यांची आग करतो आणि त्याचा असर फार दिवस टिकत नाही. कोणताही अर्क फवारताना तोंडाला फडके, डोळ्याला चष्मा, अंगभर कपडे आणि वाऱ्याकडे पाठ ठेवा. निंबोळीचे तेल आणि अर्क लेकरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नका.

आता हिशेब

फुकट या शब्दावर शेतकऱ्याने कधी विश्वास ठेवू नये. आपल्या घरात जे फुकट होते, ते कोणाच्या तरी कंबरेवर होते. निंबोळ्या वेचणारी, धुणारी, कुटणारी बहुतेक करून बाईच असते, आणि तेही ऐन पेरणीच्या, निंदणाच्या दिवसांत.

समजा, पऱ्हाटी मांडीएवढी आहे आणि एकराला १५ लिटरचे १० पंप लागतात. म्हणजे १५० लिटर, म्हणजे साडेसात किलो निंबोळी. दोन फवारण्यांना १५ किलो. वेचण्यापासून कुटण्यापर्यंत तीन दिवसांची मजुरी धरा. मजुरी ३०० रुपये असेल तर ९०० झाले. साबण ६०० ग्रॅम, त्याचे १०० धरा. दोन फवारण्यांचे १००० रुपये, म्हणजे एकरी एका फवारणीचे ५००. पंप मारणाऱ्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच. तुमच्या गावच्या दराने हे आकडे बदला. मग गेल्या वर्षीची दुकानातली पावती काढा आणि शेजारी ठेवा. पावती नसेल तर यंदापासून घेत जा. औषध बनावट निघाले तर तोच एक पुरावा असतो.

कोणाच्या हिशेबात निंबोळी स्वस्त निघेल, कोणाच्या हिशेबात फारसा फरक पडणार नाही. पण दोन गोष्टी त्या पावतीवर नसतात. निंबोळीचे हजार रुपये आपल्याच गावातल्या बाईच्या हातात राहतात, त्याला उधारीचे व्याज नसते. आणि पहिले साठ दिवस विष पडले नाही, तर शेतातले मित्रकिडे जगतात.

हे मित्रकिडे ओळखा. ढालकिडा तुम्ही ओळखता, पण त्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची असते, ती शत्रू समजून लोक मारतात. ती मावा खाते. क्रायसोपाची अळी मावा आणि बारीक अंडी खाते. कोळी तर सगळेच खातो. सुरुवातीलाच जहाल औषध मारले की झाड चार दिवस हिरवेगार दिसते, पण ही सगळी फौज मरते, आणि पुढे पांढरी माशी आली की तिला खाणारे कोणी उरत नाही. मग दुसरी बाटली, मग तिसरी.

मोजल्याशिवाय फवारू नका

बहुतेक बीटी बियाण्याला रस शोषणाऱ्या किडीचे औषध आधीच चोळलेले असते. त्यामुळे साधारण पहिला महिना फवारणीची घाई नसते. त्यानंतर दर आठवड्याला शेतात तिरपे चाला, वीस झाडे पाहा, प्रत्येक झाडाचे वरचे, मधले, खालचे अशी तीन पाने उलटून मोजा. पानामागे सरासरी दोन तुडतुडे, किंवा दहा मावा, किंवा दहा फुलकिडे, किंवा आठ-दहा पांढऱ्या माश्या, ही धोक्याची पातळी. कीड दिसू लागली, पण पातळीच्या खाली आहे, तेव्हा निंबोळी अर्क. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मोजणी, लागला तर दुसरा हात. पातळी ओलांडली आणि अर्काने आवरत नसेल, तर शिफारस असलेले एकच औषध, चिठ्ठीवरच्या मात्रेने, अंग झाकून मारा. त्यात कमीपणा काही नाही. पीक बुडवून विषमुक्त राहा, असे मी कोणाला सांगणार नाही. अंगात कापरे, घाम, उलटी जाणवली तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जा.

गावात करायचे काम

तीन कामे ठरवून उठू या. प्रत्येक गावातल्या कडुनिंबाच्या झाडांची यादी करा आणि मृग लागण्याआधी बचत गटाशी बोलून निंबोळीचा किलोमागे दर ठरवा. दर ठरवताना बायांना विचारा. मजुरी परवडली नाही तर दुसऱ्या वर्षी कोणी वेचायला येणार नाही. दुसरे, प्रत्येकाने एकच एकर निवडावे आणि त्यात चार ओळी न फवारता सोडाव्यात, म्हणजे फरक पडला की नाही ते डोळ्यांनी दिसेल. तिसरे, एका वहीत तारीख, मोजणी, फवारणी, खर्च आणि शेवटी वेचलेला कापूस लिहावा.

कापूस घरात आल्यावरच्या बैठकीला ती वही घेऊन या. ज्याला फायदा झाला त्याची वही वाचू, ज्याला झाला नाही त्याचीही वाचू. भाषणे आपण पुष्कळ ऐकली. आता आपल्याच शेतातले आकडे एकमेकांना ऐकवू.